नेल्डाबाईंच्या गाण्यातली चूक

सन्माननीय अध्यक्षा ज्ञानदाताई, आपल्या मराठी शाळेच्या संचालिका लतिकाताई, सत्कारमूर्ती नेल्डा किंगफिशर आणि रविवारची दुपारची झोप मोडून इथवर ड्राइव्ह करून आलेल्या समस्त फ्रिस्कोकर मंडळींनो,

मी रवींद्र देशकर. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या न चिडता कळवायच्या, हे मी सत्तावीस वर्षं करतो आहे. लतिकाताई म्हणाल्या, "तुम्हीच बोला, तुम्ही भावनेत वाहत जात नाही. दहा मिनिटांत आटपाल." प्रयत्न करतो.

किंगफिशर हे आडनाव ऐकून आत्ता मागच्या रांगेत जे हसू आलं, ते पहिल्या दिवशी मलाही आलं होतं. चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांत हे जुनं आडनाव आहे आणि त्याचा अर्थ आपला खंड्या पक्षी, इतकाच.

नेल्डाबाई वाढल्या ओक्लाहोमात, टाहलेक्वा गावाबाहेर. वडील वेल्डर, शनिवारी गिटार घेऊन नाचाच्या हॉलमध्ये कंट्री गाणी म्हणत. आईला लहानपणी शाळेत चेरोकी बोलली म्हणून साबणाने तोंड धुवायला लावलं होतं. त्या आईने ठरवलं, माझ्या मुलीच्या वाट्याला हे नको. म्हणून घरात फक्त इंग्रजी. आता यात त्या माउलीचं काय चुकलं, सांगा? आपल्यातल्या कितीजणांनी मुलांशी इंग्रजीच धरलं! आपल्याला तर कुणी साबण दाखवलाही नव्हता. असो.

आईची थोरली बहीण, ओपल मावशी, मात्र चेरोकीच बोलायची. ती आणि तिचा नवरा रविवारी यांच्याकडे जेवायला यायचे आणि निघताना दारात उभं राहून एक वाक्य म्हणायचे. छोट्या नेल्डाला अर्थ माहीत होता, 'वी आर गोइंग होम.' मावशीच्या भाषेतलं तेवढं एक वाक्य तिला अख्खं पाठ होतं.

तेविसाव्या वर्षी बाई कंट्री गाण्यांच्या पंढरीला, नॅशव्हिलला गेल्या. रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, फोटोसाठी डोक्याला पिसं लावा. बाई म्हणाल्या, "माझे खापरपणजोबा फेटा बांधायचे, तो चालेल का?" नाही चालला. मग पिसंही नाहीत आणि फेटाही नाही, असा फोटो निघाला. नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, हॉटेलांत गायल्या आणि मग एक गाणं लागलं. मावशीचा नवरा वारला होता, तिला मूलबाळ नव्हतं, तिला वृद्धाश्रमात ठेवलं होतं. तिच्यासाठी बाईंनी लिहिलं, की मी येते, मग घरी जाऊ. ध्रुवपदात लहानपणीचं ते चेरोकी वाक्य घातलं. दोन वर्षं ते गाणं टेक्सासपासून टेनेसीपर्यंत रेडिओवर वाजत होतं.

दोन वर्षांत बाईंना मावशीकडे जायला वेळ झाला नाही. हे त्या स्वतः सांगतात, म्हणून मी सांगतो.

शेवटी गेल्या. वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये खुर्ची ओढून मावशीसमोर बसल्या आणि ते गाणं म्हटलं. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळू, चेरोकीत म्हणाली, "जा तुम्ही. मी कधी अडवलं? पण ते रोज रेडिओवर सांगायची काय गरज होती?"

नेल्डाबाईंना कळेना. तिथली एक नर्स चेरोकी जाणणारी होती, तिने उलगडून सांगितलं. इंग्रजीत 'वी' एकच. चेरोकीत दोन आहेत, एक ऐकणाऱ्याला धरून आणि एक ऐकणाऱ्याला सोडून. मंडळी, जगातल्या पुष्कळ भाषांत हा फरक समजावायला अर्धा तास लागेल. तुम्हाला दोन शब्द पुरे आहेत, आपण आणि आम्ही. मावशी दारातून निरोप घेताना म्हणायची, 'आम्ही घरी जातो.' बरोबरच म्हणायची! पण तेच वाक्य उचलून भाचीने तिला दोन वर्षं ऐकवलं होतं, 'आम्ही घरी जाऊ.' आम्ही. तू नाही. आणि म्हातारी रोज दुपारी रेडिओशेजारी बसून ते ऐकत होती.

बाई कंपनीकडे गेल्या. एक शब्द बदलून गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हणाल्या. निर्माता म्हणाला, "कुणाला कळणार आहे? वी म्हणजे वी." मी टेस्टर आहे, हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय. कळणारा माणूस एकच असेल, तर ती चूक धरायची की सोडायची? आमच्या धंद्यात सोडतात.

बाईंनी सोडली नाही. निदान कार्यक्रमात तरी बरोबर शब्द गावा, असं त्यांच्या मनात आलं. पण मावशी वृद्धाश्रमात असताना 'आपण घरी जाऊ' म्हणणं हे तर आणखीच खोटं. त्यांनी चाळीस कार्यक्रमांचा दौरा कॅन्सल केला. कंपनीने करार संपवला. बाई गाडी घेऊन गेल्या आणि मावशीला घरी घेऊन आल्या.

पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी दुरुस्त केलेलं गाणं म्हटलं. मावशी म्हणाली, "आता बरोबर. पण फार वर लावतेस, जरा खालून गा."

चार वर्षं मावशी त्या घरात जगली. बटाटे सोलताना, औषधं घेताना, भाचीला रागावताना ती चेरोकीच बोलली आणि भाची शिकली. मावशी घरीच गेली. तोवर नॅशव्हिल बाईंना विसरलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त माहीत आहे हे माहीत नाही. बाई इथे टेक्सासात, फ्रिस्कोला आल्या आणि स्कूल बस चालवू लागल्या. तुमच्यातल्या अनेकांची मुलं त्यांच्या बसमधून गेली आहेत. रविवारी याच इमारतीत, आपल्या शाळेच्या शेजारच्या खोलीत, त्या सात जणांना चेरोकी शिकवायच्या. मधली भिंत पातळ. आठ वर्षांपूर्वी लतिकाताई मुलांवर ओरडत होत्या, "आम्ही म्हणजे तुम्हाला सोडून! आपण म्हणजे तुम्हाला धरून! किती वेळा सांगू?" मुलं म्हणत होती, "बट इट्स द सेम थिंग, लतिकामावशी!" तेवढ्यात दार वाजलं. लतिकाताईंना वाटलं, आवाजाची तक्रार आली. दारात या बाई. म्हणाल्या, "हे तुमच्याकडेही आहे?" त्या दिवशी दोन्ही वर्ग एकत्र भरले.

त्या वर्गात हजेरी घ्यायच्या मदतीला माझी मुलगी होती, उर्वी. अठरा वर्षांची, हायस्कूलच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारी. ती नेल्डाबाईंच्या छोट्या हौशी बँडमध्ये गेली. मी म्हटलं, छंद आहे, जाईल. आठ वर्षं झाली. मागच्या वर्षी त्यांनी ते गाणं बरोबर शब्दासह पुन्हा रेकॉर्ड केलं, व्हायोलिन उर्वीचं. वस्तुस्थिती सांगायची, तर फार कुणी ऐकलं नाही. पण ओक्लाहोमातल्या एका लहान मुलांच्या चेरोकी शाळेने ऐकलं आणि बाईंना शिकवायला बोलावलं. मंगळवारी त्या निघताहेत.

पत्रिकेत निरोप एकट्या नेल्डाबाईंना आहे असं छापलंय. तेवढी दुरुस्ती करतो. उर्वीही चालली आहे. डॅलसची नोकरी सोडून, त्या शाळेत संगीत शिकवायला. तिने मला महिन्यापूर्वी सांगितलं. मी म्हणालो, "हे तुझे लोक नाहीत, ही तुझी भाषा नाही." ती म्हणाली, "बाबा, माझी भाषा तरी तुम्ही कुठे दिलीत? मी अठराव्या वर्षी इथे येऊन शिकले." हे ती मराठीत म्हणाली. त्यानंतर आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

नेल्डाबाई, मंडळाच्या वतीने तुमचे मनःपूर्वक आभार. ज्ञानदाताईंचे, लतिकाताईंचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. दहा मिनिटं उलटून गेली, तो दोष माझा.

उर्वी, मघापासून तू बाईंच्या कानाशी सगळं इंग्रजीत सांगते आहेस, ते मला दिसतंय. आता क्षणभर थांब. पुढचं वाक्य सांगू नकोस, ते तुझ्यासाठी आहे.

माझ्या हातून काही चुकलं असेल, तर मला माफ कर.