पट्ट्यांच्या भिंतीमागची हाक

मंडळी, ऐका! टाळ ठेवा जरा खाली. एकच विचारते, त्याचं उत्तर द्या — घर केवढं असावं?

बोला की! तीन खोल्यांचं? बंगला? ओ पुढचे पागोटेवाले, तुम्ही सांगा! वर काय बघता? उत्तर मंडपाच्या कापडावर लिहिलेलं नाही! मी चौथी नापास बाई, पण मला उत्तर ठाऊक आहे. शेवटी सांगीन. आधी घर बघा.

गावाचं नाव घेत नाही. विश्वजीत निमसे म्हणून एक माणूस. त्यानं नदीकाठी घर बांधलं — घर कसलं हो, विमानतळ! दोन मजले उंच हॉल, अधांतरी जिना, तोंड बघून घ्यावं अशी फरशी. स्वयंपाकघरात एक डबा दिसेल तर शपथ! सगळं कपाटाआड. मी म्हणते, तिथं भूक तरी कशी लागते? हसा, हसा. आत्ताच हसून घ्या. पुढं हसू यायचं नाही.

विश्वजीतची बायको रेवती. इंटेरिअरवाला नकाशा पसरून बसलेला. ही म्हणाली, "सासूबाई सारख्या खोकतात. आवाज बाहेर यायला नको."

"होऊन जाईल, मॅडम."

"त्यांचं दार हॉलात येतंय. पाहुण्यांना दिसायला नको."

"होऊन जाईल, मॅडम! दार आहे हे ओळखूसुद्धा येणार नाही."

वास्तू तथास्तु म्हणते, असं आपण पोराबाळांना सांगतो ना? अहो, हल्ली ती 'होऊन जाईल' म्हणते!

आणि झालं तसंच. त्या खोलीच्या भिंतींत आवाज पिणारा जाड थर भरला. हॉलाच्या अख्ख्या भिंतीला लाकडाच्या उभ्या पट्ट्या — छतापासून फरशीपर्यंत, सगळ्या सारख्या. ना कडी, ना बिजागरी. नेमक्या जागी दाबलं की दार उघडणार. ती जागा कुणाला ठाऊक? कामवाल्या मंदाला. तीच ताट न्यायची, तीच अंथरूण बदलायची. कारण सासू गजराबाई पलंगावर — खुबा मोडलेला. पहिला महिना रेवती रोज जायची, मंदानं दार उघडलं की. मग आठवड्याला. मग… खाली मान घालू नका गं, तुमचं नाव नाही घेतलं मी!

आठ महिने गेले. मंदा भाचीच्या लग्नाला गेली, दोन दिवस. रेवतीला वाटलं, आईंचं ताट हे नेतायत. विश्वजीतला वाटलं, रेवती नेतेय.

मंडळी, मग ताट कुणी नेलं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रेवतीची पाच वर्षांची पोर दिसेना. "ईरू!" जिन्यावर नाही. "ईरूऽ!" गच्चीवर नाही. टाकीत डोकावली — तिथं नाही! फाटकाला कुलूप. म्हणजे पोर घरातच. मग ओ का देईना? रेवतीनं श्वास रोखून कान दिला. काही नाही हो! घड्याळ वाजेना, नळ ठिबकेना. एवढं मोठं घर — जणू तेच श्वास धरून उभं! तिला आपलंच रक्त कानात ऐकू आलं.

आणि लख्ख आठवलं — सासूबाईंची खोली!

धावली. भिंतीपुढं उभी राहिली. आणि दार कुठलं? ही पट्टी दाबली — भिंत! ती दाबली — भिंत! तळहात लाल होईतो बडवलं. पट्ट्या ढिम्म. पाठ फिरवून उभी राहिलेली माणसं असावीत तशा. मंदाचा फोन लागेना. इंटेरिअरवाल्याला लावला, "दार कुठंय हो?"

"आता फोनवरून कसं सांगू, मॅडम? तुम्हीच म्हणाला होतात ना — दिसायला नको!"

फोन बाईनं बाजूला टाकला. मटकन खाली बसली. बसली म्हणून दिसलं — पाच वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, एका पट्टीला चिकटवलेली लाल टिकली! रेवतीच्याच पाकिटातली. मंदाचं बघून लेकीनं खूण करून ठेवलेली!

तिथं बोट दाबलं. टक्.

आत ईरा पलंगावर. बिस्कीट पाण्यात बुडवून आजीला भरवतेय. ताट कुणी नेलं, कळलं? रोज दारात चप्पल अडकवून यायची. आज चप्पल सरकली, दार मिटलं. आतली मूठ उंच, हात पोचेना.

पलंगाशेजारच्या भिंतीचा रंग एका जागी उडालेला. मुठीएवढा गोल. आठ महिने ठोकल्यावर उडतो तसा.

म्हातारीनं दाराकडं मान वळवली. "कोण आलंय गं ईरू? मंदा का?"

रेवती पलंगाशी धावली. लेकीला उराशी धरलं. "अगं, हाक मारायची ना मला!"

"मारली ना, मम्मी. खूप मारली." पोर शांतपणं सांगते हो! "मग आज्जी म्हणाली, नको मारूस बाळ, नुसता घसा दुखतो. मी पण मारायची आधी."

मंडळी, घर केवढं असावं? हाकेला ओ येईल एवढं. त्याच्यावर एक वीटसुद्धा नको!

तुम्ही म्हणाल, आमचं कुठं एवढं मोठं? दोनच खोल्या! अहो, दोन खोल्यांतही पट्ट्यांची भिंत उभी करता येते, त्याला सुतार लागत नाही. आज घरी गेलात की बाहेरूनच दार लोटून उभे राहा. बोलू नका. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस हाक मारतंय का, तेवढं ऐका.

आणि काहीच ऐकू आलं नाही, तर बरं वाटून घेऊ नका. आधी आत जाऊन भिंत बघा.