अकराव्या नंबरचा क्लब

मी कोल्हापूरचा, पेठेतला. चाळीस वर्सं फाउंड्रीत मोल्डर म्हनून काढली, वाळूचे साचे करायचे आन वितळलेलं लोखंड ओतायचं, हे माझं पोटाचं काम, पन पेठेत मला कोन मोल्डर म्हनून वळखत नव्हतं, तालमीचा बॅक म्हनून वळखायचे. फुटबॉल हो, आमच्याकडं तालमींच्याच टीमा असत्यात, आन बॅक म्हंजे मागं राहून बॉल अडवनारा. तुमी पुन्या-मुंबैची मानसं, तुमाला वाटतं कोल्हापूर म्हंजे कुस्ती आन तांबडा रस्सा, पन आमच्या पेठापेठांत फुटबॉलसाठी सख्खे मेव्हने वर्सवर्स बोलत नाहीत, काय सांगू तुमाला. लीग आमच्याकडंबी असती, पन मानसं लोटायची ती बाद फेरीला. जिंकलं की हलगी आन गुलाल, हरलं की आठ दिवस मागल्या गल्लीनं घरी यायचं. मधलं काय नाय.

हे मधलं म्हंजे काय असतं ते मला सिंगापुरात येऊन कळलं.

मंडळी वारली माझी, दोन वर्सं झाली. एकुलतं एक पोरगं, संदीप, हितं बिशानला असतंय. तांजोंग पगारला त्याचं ऑफिस, इंजिनेर हाय, चांगलंच चाललंय. सून पुन्याची, मृणाल, बोलनं कसं इस्त्री केल्यागत, पन मनानं लई चांगली, खोटं कशाला बोलू. नात ईरा, धा वर्सांची, तिला मराठी समदं कळतं, पन बोलती तिच्या शाळेतलं. तर संदीप मला घिऊन आला, व्हिजिट पास काढला, मे महिन्यापतोरचा. राहा म्हनला नाय हं. एवढंच म्हनला, आबा, पास मे पर्यंत हाय, मग बघू. त्याचं समदं बोलनं असंच, बरं आन बघू. बरं आन बघूच्या पलीकडं त्या पोरानं माझ्यासंगं वीस वर्सांत काय शब्द खर्चला नव्हता. आईसंगं तास तास बोलायचं फोनवर, मी घेतला फोन की बरं हाय आबा, ठेवतो.

आता ह्या संदीपचा एक क्लब हाय, इंग्लंडातला. शिकायला एक वरीस त्या गावात हुता म्हनं. नाव सांगत नाय, सांगून तुमाला कळनारबी नाय. पहिल्या वर्गातला असता तर एक गोष्ट, त्यो दुसऱ्या वर्गातला. चोवीस टीम, वरल्या तीन वर जात्यात, खालच्या तीन खाली. शनवारी तिकडं दुपारी मॅच असती, हितं तवा झोपायची वेळ, म्हनून ह्यो बघायचा रविवारी सकाळी. तोवर फोन बंद, निकाल कुनी सांगायचा नाय, पोहे झाले की टीव्ही लावायचा. मृणाल म्हनायची, बाबा, देवपूजा एखादवेळ चुकेल पण हे चुकायचं नाही.

ऑगस्टात हंगाम सुरू झाला तवा मला घरची लई आठवन यायची. पेठेतल्या दोन खोल्या कुलपात हुत्या, मैतर फोनवर सांगायचे आज ह्याची मॅच, उद्या त्याची, आन मी हितं बाराव्या मजल्यावर खिडकीतनं झाडं मोजत बसलेला. त्या तिरीमिरीत एक दिवस जेवताना बोलून गेलो, संदीप, तुजा क्लब वर गेला तर मी हितंच राहतो, खाली गेला तर मे मध्ये चाललो कोल्हापूरला, कायमचा. दिला शब्द. त्यानं हातातला घास खाली ठिवला, माझ्याकडं बघितलं, आन म्हनला बरं. त्याला म्हाईत हुतं की ह्या दोन्हीतलं काय बी न हुता हंगाम संपू शकतोय. मला त्ये सुचलंच नाय. बाद फेरीतलं डोस्कं माझं, कोन तरी जिंकनार, कोन तरी जानार, एवढंच ठावं.

मग काय, दर रविवारी पोहे खात मी त्या क्लबचं वाईट चिंतायचो. खरं सांगतो. सुरवातीला दोन जिंकले, मला घोर लागला. मग तीन हरले, मी मनातल्या मनात बॅग भरली. मग बरोबरी, परत बरोबरी, एक जिंकले, एक हरले. नववा नंबर, बारावा, चौदावा, परत बारावा. खाली बाकावर चिनी अंकल बसत्यात, ते हिचारायचे, युवर टीम हाव, मी म्हनायचो सेम सेम. ईरा तर शाळेतनं आली की म्हनायची, आजोबा, स्टिल ट्वेल्थ लाह, व्हाय यू सो स्ट्रेस. काय सांगू तिला, तुज्या आजोबाचं तिकीट त्या बाराव्या नंबरात अडकलंय म्हनून.

जानेवारीत मातूर घसरले. घसरले ते एकोनिसाव्यावर आले. मैतराला फोन केला, खोल्या झाडून घे म्हनलं. त्याच आठवड्यातली मॅच, एक-शून्यानं मागं, शेवटची मिंटं, कॉर्नर मिळाला, आन त्यांचा त्यो उंच डावा बॅक, समद्या हंगामात धड एक बॉल काढला नव्हता त्यानं, त्यानं असं डोकं घातलं की जाळीच हालली. आन मी उभा. उभा म्हंजे उडीच मारली, गुडघा टीपॉयला आपटला, चहा सांडला. संदीप टीव्हीकडं बघंना, माझ्याकडं बघायला लागला. म्हनला, आबा, तुमाला तर हरायला पायजेत ना ते. मी म्हनलं, बॅक हाय मी, बॅकनं गोल केला की राहवत नाय. त्यो हसला. किती वर्सांनी माझ्यासमोर हसला आसंल.

त्यानंतर आमी बोलाय लागलो. क्लबबद्दलच, दुसरं काय नाय. मी म्हनायचो त्यो बॅक लई पुढं जातोय, मागं जागा सोडतोय, संदीप म्हनायचा नवा कोच तसंच सांगतोय. कवा कवा ऑफिसातनं फोन करायचा, आबा, त्यो जखमी झाला बगा. मृणाल म्हनायची, तुमचं दोघांचं काय चाललंय कळत नाही, पण चालू द्या. एप्रिल आला, क्लब वर जायचा नाय हे पक्कं झालं, पंधरा दिसांनी खाली जायचा नाय हेबी पक्कं झालं, आन पास वाढवायचा फॉर्म टेबलावर यिऊन पडला. त्याला कोन हात लावंना.

शेवटच्या मॅचला एक-एक बरोबरी. अकरावा नंबर. त्या रविवारी मृणाल ईराला घिऊन मुद्दाम मरीन परेडला मैत्रिनीकडं गेली हुती. संदीपनं टीव्ही बंद केला. म्हनला, क्लबनं काय सांगितलं नाय आबा, आता तुमच्या मनावर हाय. माझं डोस्कं फिरलं. मी म्हनलं, माझं मन ऱ्हाऊ दे, तुजं काय हाय ते बोल, नुसता मधीच बॉल फिरवत किती वर्सं बसनार हाईस.

त्यानं रिमोट टेबलावर ठिवला आन म्हनला, आबा, तुमाला ती यादी आठवती काय. मी म्हनलं कसली यादी. तर म्हनला, मी पंधरा वर्सांचा हुतो, तालमीच्या पोरांची टीम निवडायची हुती, निवडनारे तुमी, मैदानात समद्यांसमोर नावं वाचली, माझं नव्हतं, मी जवळ यिऊन हिचारलं, आबा, मी? तर तुमी म्हनला, ह्यो ना पुढं चालतोय, ना मागं, आन समदी हसली. तवापासनं तुमाला काय बी हिचारायचं म्हनलं की मला ती यादी आठवती.

काय सांगू तुमाला. मला आठवतच नव्हतं. त्या वर्साची फायनल आठवती, गोल कुनी केला त्ये आठवतं, गुलाल किती दिवस अंगाचा गेला नाय त्ये आठवतं, आन पोटच्या पोराला समद्यांसमोर काय बोललो त्ये इसरून गेलो. त्यानं एकट्यानं वागवलं त्ये एवढी वर्सं, आईला बी सांगितलं नव्हतं. मी म्हनलं, चुकलं माझं, संदीप. फाउंड्रीत, तालमीत, घरात, हे वाक्य मी जन्मात कुनाला म्हनलो नव्हतो. खोटं कशाला सांगू, रडलो मी.

मग त्यानं फॉर्म पुढं वडला, आन माझ्याकडं न बघता हिचारलं, आबा, राहता काय?

मी सही केली. शब्द मोडला म्हना, न्हाईतर म्हनू नका, क्लब वर बी गेला नव्हता आन खाली बी. कोल्हापूरला दिवाळीत जाऊन येतो, खोल्या झाडून घेतो, मैतर शिव्या घालत्यात, गुमान ऐकतो. ह्या हंगामात बी क्लबचं तसंच चाललंय, त्यो डावा बॅक गेला, नवा त्याच्याहून कच्चा हाय. असू दे. देव त्यांना सुखात ठेवो, वर नेवो न्हाईतर तिथंच ठेवो. माझा संदीप आता रोज काय तरी हिचारतो. आबा, बाजारात येता काय, आबा, चालायला जाऊया काय, आबा, ही भाजी घिऊ का ती. गुडघा दुखत असतोय, ऊन असतंय. मी आधी हो म्हनतो, आन मग काय हिचारलं त्ये ऐकतो.