वखारीच्या पट्टीची सुरी

माझं माहेर आष्टीचं, दिलं कड्याला, अन् दोन्हीकडं लोहारकामच. नवरा ऐरणीवर लोखंड धरायचा अन् घण म्या मारायचे, कोयते, खुरपी, कुऱ्हाडी, समदं. पण सुरीला घण लागत न्हाई, म्हणून सुरीचं काम निस्तं माझं. लाकडाच्या वखारीत करवतीची पट्टी तुटली की भंगारात जाती, ती आणायची, छन्नीनं तुकडे पाडायचे, घासून घासून पातळ करायचे, बाभळीची मूठ बसवायची, झालं. हातात घेतली तर वजनच लागत न्हाई. बाजारात बाया उलटीपालटी करत्यात अन् म्हणत्यात, मावशे, ही मोडंल की. म्या म्हणते, आगं बाय, तुला कांदा चिरायचाय का झाड तोडायचंय? स्वस्तात स्वस्त दिली तरी वर घासाघीस हायच.

अन् आमच्याकडं सुरी हातातून हातात देत न्हाईत, भांडण लागतं म्हणत्यात. खाली ठिवायची, घेणारानं उचलायची. गिऱ्हाईक हात पुढं करतं तरी म्या पोत्यावरच ठिवते.

माझी लेक काजल. ती, जावई, तिची सासू, समदेच ऊसतोडीला जात्यात. औंदा निघाली तवा म्या तिला नवी सुरी दिली. सासूनं बघितली अन् म्हणली, इहीणबाई, लोहाराच्या घरची सुरी अन् अशी कागदावानी कावून? लई लागलं मला, पण लेकीची सासू, काय बोलता, सुरी काजलच्या भाकरीच्या गठुड्यात सरकवली.

मंग एक दिस भर दुपारी काजलचा फोन. हुंदके देत देत समदं सांगितलं तिनं. काय सांगू तुमाला. तिच्या तान्ह्या लेकीची, माझ्या नातीची झोळी नायलॉनच्या दोरीनं बांधलेली, एक टोक ट्रॉलीला, एक टोक बांधावरच्या लिंबाला. ड्रायव्हरला ठावंच न्हाई, त्यानं गाडी पुढं घेतली. दोरी ताणली, झोळी उलटी फिरली अन् दोरीचा पीळ लेकराच्या गळ्यात आवळला. जावयानं पळत येऊन कोयत्यानं दोन्हीकडची दोरी तोडली, लेकरू खाली आलं, पण गळ्यातला पीळ सुटंना. दोरी पार रुतलेली, बोट शिरंना. कोयता तिथं घालता कुठं? लेकरू काळंनिळं पडाया लागलं.

काजल वरडली, आत्याबाई, सुरी! सासू पळत गेली, भाकरीच्या गठुड्यातनं सुरी काढून आणली. अन् ऐका, काजलचा एक हात लेकराच्या मानेखाली, दुसरा पुढं केलेला, अन् त्या बाईनं सुरी खाली ठिवली! ढेकळावर! जल्माची सवय, दुसरं काय. काजलचा हात पुरंना. म्या फोनवरच वरडले, आरं देवा, लेकराचा जीव चाललाय अन् तुमी कसलं भांडण टाळताय? काजलनं अशी किंकाळी मारली की सासूनं मातीसकट सुरी उचलली अन् तिच्या मुठीत कोंबली. मंग टोक दोरीखाली सरकवलं, धार वर केली अन् वढली. दोरी तुटली. जरा वेळ काहीच न्हाई, अन् मंग लेकरू रडलं.

म्या म्हणलं, सुटलो बाई. तर काजल हळूच म्हणती, माय, गळ्याला जरा लागली गं तुझी सुरी, रगत आलंय. म्या इचारलं, रगत थांबलं का?

आता आलीत समदी गावाकडं. सासूनं माझे हात धरले अन् रडली. लोक म्हणत्यात, तुझ्या सुरीनं नात वाचली, अन् बाया मुद्दाम तसलीच सुरी मागत्यात. म्या देते. पण काल नातीला न्हाऊ घालताना तिची मान वर केली, तर हनुवटीखाली बारीक रेघ, दोऱ्याएवढी. ती धार म्या लावलेली हाय. तसूभर आत गेली असती तर? पाणी अंगावर पडलं की नात खिदळती, अन् म्या तिथंच तांब्या धरून बसते, मनात म्हणते, जगू दे, देवा, माझं लेकरू, म्हातारं होऊ दे.