शाल घातली, पण टूडी उघडला न्हाई

काम अर्धवट टाकून निघालेल्या माणसाला शाल घालायची, ही कोणती रीत? फेटा बांधला, नारळ दिला, टाळ्या झाल्या. कॉम्प्युटरच्या खोलीतलं काम उरकलं का, हे एकानं तरी विचारलं? तर अध्यक्ष काकासाहेब, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, कॉम्प्युटर सांभाळणारे सत्कारमूर्ती प्रेमसर आणि जमलेल्या तीर्थपुरीकरांनो, मी बेबीनंदा, ह्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली. मला भाषण येत न्हाई, विचारता येतं.

गेल्या महिन्यात खोलीतल्या पाच मशिनींपैकी एक बंद पडली. प्रत्येक पेशंटचे एक्स-रे, टूडीचे फोटो तीन-तीन मशिनींत ठेवलेले, म्हणून सगळे बिनघोर. पण फोटो पुन्हा तीन-तीन जागी व्हावेत म्हणून राहिलेल्या चौघींनी गेलेलीचा सगळा माल एकदमच उचलायला घेतला. मेमरी भरली, अन् त्याही पटापट आडव्या! तेव्हा प्रेमसर म्हणले, "मावशी, वाढप्यानं एका हातात भात, एका हातात वरण अन् काखेत बुंदी घेतली तर?"

"सांडंल. अन् मी त्याला हाकलीन."

"मंग झालं. आता मशिनींना सांगितलंय, थोडंच उचला. ते वाढून झालं की पुढचं."

बराबर. तेव्हापासून मशिनी पडल्या न्हाईत, कबूल. पण पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय आपल्याकडं कुणी उठतं का? सर तर हात धुवून पुण्याला निघाले! विचारलं, तर म्हणतात, "हळूहळू चालू आहे." हळू चालू आहे का बंदच करून ठेवलंय, हे मला कसं कळावं? बंद ठेवलं तरी मेमरी कमीच लागंल, अन् मशिनी पडणार न्हाईतच की!

हसू नका. माझ्या लेकीच्या, मोनालीच्या हृदयाला भोक आहे. तिचा लहानपणीचा टूडी इको ह्याच मशिनींत आहे. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणतात, जुना टूडी आणा, भोक वाढलं का तेवढंच आहे ते बघू, मंगच ऑपरेशनचं ठरवू. परवा इथल्या पोरीनं बटण दाबलं, तर पडद्यावर नुसतं चाक फिरून राह्यलं. अन् सर, तुम्ही आता खाली का बघून राह्यले?

सर गुणाचे आहेत, त्यांचं भलं होवो. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, उपकार झाले. तोंडातून कमी-जास्त गेलं असंल तर पोटात घाला. पण काकासाहेब, सोमवारी सकाळी मोनालीला घेऊन मी त्या खोलीच्या दारात उभी राहणार. टूडी उघडून दाखवा. गेला असंल, तर गेला म्हणून तिच्या तोंडावर सांगा.