कानटोपीवाल्याची मिशी

...आणि वर मलाच विचारतात, तुझा हिरो पोलिसांना मारतो ते बरोबर का? अहो, हप्तेखोरांना मारतो, चित्रात मारतो, बारा पानांत मारतो, पिरंगुटला झेरॉक्स काढून विकतो मी तो अंक, नाव 'कानटोपी', कारण मुखवटा काही मला काढता येत नाही, कानटोपी येते... तुम्हाला सांगतो, माझा हिरो कायद्याबाहेरचा आहे, पण माणूस चांगला आहे.

तर माले गावच्या वरच्या वाडीतला सावळ्या. कारखान्यातली तांब्याची वायर गेली आणि उचललं कुणाला, तर आदल्या दिवशी तिथं गवत काढायला गेलेल्या सावळ्याला. दोन दिवस चौकीत, नोंद नाही, काही नाही. त्याची बायको सोनी माझ्या दारात. म्हणाली, "पोलिसांची चित्रं तुमीच काढता न्हवं? मंग त्यो टोपीवाला येतोय का तुमी येताय?"

गेलो चौकीत. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालोय, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं हे मला पाठ, ते सगळं तिथल्या विश्राम हवालदारांना एका दमात ऐकवलं. त्यांनी शांतपणे खण उघडला आणि काय काढलं असेल? माझा अंक. सातव्या पानावर चहाचा डाग.

"हितं तुमच्या टोपीवाल्यानं ह्या हप्तेवाल्याला उलटा टांगलाय. आधी कोर्टात न्हेला हुता का?"

"तो दोषी होता."

"कुनी ठरवलं?"

"मी... म्हणजे, गोष्ट मी लिहिलीय."

"मंग सावळ्याची मी लिवतोय. बसा, च्या घ्या."

म्हटलं, हवालदार, माझा हिरो कायद्याबाहेरचा आहे, पण माणूस चांगला आहे. तर म्हणतात, "आमी बी तेच म्हनतोय, पर आमच्यासाटी कुनी टाळ्या वाजवत न्हाई."

आत सावळ्या कण्हत होता हो, आणि मी बाहेर त्यांचा चहा पीत होतो... शेवटी तेच म्हणाले, "न्या त्याला. वायर कालच घावली, कारखान्याच्याच वॉचमनकडं. फकस्त टोपीवाल्याला आमच्यासारकी मिशी काढून दावा, आन् पुढच्या अंकात तीच ऱ्हाऊ द्या. घरी पोरं वाचत्यात."

काढली. तिथंच बसून, त्यांच्याच पेनानं, समोर बघून बघून. तुम्ही नसती काढली?

सोनीच्या खांद्यावर भार टाकून सावळ्या बाहेर आला. माझ्या हातातल्या कागदाकडं बघून थांबला. म्हणाला, "ह्योच. ह्यानंच मारलं मला. पर ह्याला कानटोपी कशापायी घातली?"

मी सांगायला गेलो, सावळ्या, हा हिरो आहे, कायद्याबाहेरचा आहे, पण...

सोनी म्हणाली, "कुनी वळकू नये म्हनून आसंल."

अंक काढला मी. दुप्पट खपला. वाचणारे म्हणतात, मिशीनं हिरो आता खरा वाटतो.