भाड्याचं घर नटवू न्हाय

माझं माहेर येरमाळ्याकडचं, सासर परंडा तालुक्यात खेड्यावर. हे टेम्पो चालवायचे, घाटात अपघातात गेले, तवा माझी सोनी काखेत व्हती. दीर म्हणला वैनी ऱ्हावा की हितंच, पण त्येच्या म्हणण्यात दम न्हवता, म्या ओळखलं आन् पोर घेऊन परंड्यात आले. हितं कॉलेज हाय, पोरांच्या मेस हायत, भाकरीला बाई लागतीच. तवापासून भाकरीच थापतीया. थापायचं काय न्हाय वो, काय सांगू तुमाला, माणूस थकतंय ते घर हुडकून.

आमी बौद्ध. दारात गेलं की बसा म्हणत्यात, पाणी देत्यात, मग हळूच आडनाव इचारत्यात. आडनाव सांगितलं की आतनं कुणीतरी म्हणतंय, आवो ती खोली कालच दिली की. रोज कालच दिलेली असतीया. आता मीच आधी आडनाव सांगते आन् मग चप्पल काढते.

पयली खोली किल्ल्याच्या अंगाला मिळाली. खोली कसली, शेरडं बांधायची जागा. म्या मुरूम घातला, भुई चोपली, सारवली, पत्र्याची भोकं डांबरानं बुजवली. घर घरासारखं दिसाय लागलं आन् मालक म्हणला, बाई, कॉलेजच्या पोरांना द्यायचं हाय. दुसऱ्या घरी न्हाणी न्हवती, म्या शहाबादी फरशी आणून न्हाणी केली, तर मालकीणबाईच्या लेकीला ती लई आवडली, लेक जावयासकट ऱ्हायलाच आली. तवा शाणी झाले. भाड्याचं घर नटवू न्हाय. नटलं की त्येला मागणी येती.

म्हणून ह्या तिसऱ्या खोलीत म्या खिळा ठोकला न्हाय. बुद्धाची तसबीर बी ट्रंकेवर टेकवून ठिवली. भिंतीचे पोपडे पडायचे, म्या झाडून घ्यायचे, गप बसायचे. मालक काका पुढंच ऱ्हात्यात, डोकावले की म्हणायचे, लई कळा गेली खोलीची. म्या म्हणायचे व्हय काका, आन् मनात म्हणायचे, जाऊ द्या अजून. सोनी हितंच बारावी झाली, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्साला हाय, उन्हाळ्यात परीक्षा. तेवढी हितं पार पडावी, दुसरं काय मागणं न्हाय माझं.

दिवाळीच्या तोंडावर मेसवरनं आले तर बोळातच चुन्याचा वास. सोनी केसापातुर पांढरी, हातात ब्रश, म्हणती आई डोळे झाक. चारी भिंती नीळ घातलेल्या चुन्यानं पांढऱ्याफेक, आन् खिळा ठोकून तसबीर बरोबर मधी. मैत्रिणी येतो म्हणायच्या तर लाज वाटायची गं मला, म्हणली. म्या रंग का देत न्हाय ते तिला कधी सांगितलंच न्हवतं, लेकराला काय हे शिकवायचं? तिला वाटलं आईला सवड न्हाय. आता ह्या खोलीला बी मागणी येणार, म्या ओळखलं. पण रागावू कुणावर? झकास केलंस बाई म्हणलं आन् चहा ठिवला.

काका आले, भिंतीवरनं हात फिरवला, म्हणले खोलीचं रूपच पालटलं की. आठवड्यानं काकू फराळाचं ताट घिऊन आल्या. म्हणल्या भाच्याचं लग्न ठरलंय, नवी जोडी हितं ऱ्हाईल, तुमी बघा दुसरीकडं. म्या म्हणलं काकू, पोरीच्या परीक्षेपातुर तरी थांबा. ह्यांना इचारते म्हणल्या. काका अजून बघू म्हणत्यात.

आता मेस सुटली की दारं पुजत हिंडते. परवा सोनी इचारती, आई, माझ्या रंगानं तर न्हाय ना? म्या म्हणलं येडी का काय, लग्नं कुणाची रंग बघून ठरत्यात व्हय? बसली मग अभ्यासाला. भिंतीला टेकत न्हाय पोर, मळंल म्हणती.

थकले वो. आता राग बी येत न्हाय. येणारी नवरी सुखानं नांदू दे, माझ्या लेकीच्या हातच्या भिंती हायत त्या. तसबीर तेवढी काढून नेईन. खिळा ऱ्हाऊ दे, तिच्या देवाला कामाला येईल.