रिकामा थर्मास अन् रात्रीचा खेळ

माहं गाव वणीच्या अंगाले, राजूरच्या खाणीपासून थोडं आत, बाप चुन्याच्या भट्टीवर होता अन् माय पाटलाच्या वावरात कापूस वेचाची, आमी तीन बहिणी अन् एक भाऊ, मी सर्वात मोठी, नाव वेणू, पण सारा मुलूख मले टोचणीवाली बाई म्हणते, आजही म्हणते, टोचणी सोडून जमाना झाला तरी. बसा ना ताई, खाटेवर बसा, मी खालीच बसतो, मले खालीच बरं वाटते. तुमी इचारलं की रात्रीचं शहर पाहाचा नाद कसा लागला, तर काय सांगू तुमाले, हा नाद माह्या बापानंच लावला, अन् त्याले ते माहीतही नव्हतं.

छप्पन सालच्या दसऱ्याले बाप आमा साऱ्यायले घेऊन नागपूरले गेला, दीक्षा घ्याले. मी तवा चांगली जाणती पोट्टी, सातवीतली. मायजवळ पांढरं लुगडं नव्हतं, तिनं जुनंच धुऊन धुऊन पांढरं केलं. दीक्षेचं सारेच सांगतात, अन् खरंच हाय ते, आमचा जल्मच बदलला, पण मी तुमाले रात्रीचं सांगतो. रात्री आमी रस्त्याच्या कडेले निजलो अन् मले काही झोप येईना, इकडे तिकडे लाईट, अन् बाया रस्त्यानं चालून राह्यल्या, म्हाताऱ्या, तरण्या, लेकुरवाळ्या, कोणी पाणी आणाले, कोणी हरवलेलं माणूस हुडकाले, अन् कोणी नुसत्याच, पाहाले, अन् त्यायले इचारणारं कोणी नाई की वं बाई, रात्रीची कुठी चालली. आमच्या गावात दिवा लागल्यावर बाई उंबऱ्याबाहेर पडली की चार माना वळत. मी मायले हालवलं, म्हटलं माय, मी त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. माय झोपेतच म्हणे, जा, पण परत येजो. त्यानंतर मायनं मले कधी जा म्हटलं नाई, तेवढं एकदाच.

पुढं लग्न झालं, ते टिकलं नाई, त्याचं सांगत नाई, तो काही मेला नाई, मीच आली निघून, झालं. मंग सरकारी दवाखान्यात देवीची लस टोचाले बाई पाह्यजे होती, कारण बाया आपल्या पोट्ट्या बाप्या माणसापुढं आणत नव्हत्या, मी सातवी पास, मले भेटली जागा. तो रोग तुमी पाह्यला नाई, तुमचं नशीब. आमच्याकडे त्याले माता म्हणत. घरात माता आली की फोडणी बंद, मटण बंद, केसाले फणी नाई, पायात चप्पल नाई, नवराबायको येगळे, दाराले कडूनिंबाचा डहाळा, अन् सारे हळू बोलत, मातेले राग येऊ नये म्हून. पोरगं वाचलं तर तोंडभर खड्डे, नाई तर डोये गेले.

अन् लोकायनं काय केलं, ते सारे नेम लशीलेही लावले. लस नागपूरहून आणा लागे, थर्मासात बर्फ घालून. मी संध्याकाळच्या गाडीनं पोचाची, लस भेटाची दुसऱ्या दिवशी सकाळी, सकाळी भरली तरच बर्फ गावापर्यंत टिके. म्हणजे रात्र नागपुरात, टेसनावरच्या बायांच्या वेटिंगरूममध्ये. गावात थर्मास आला की बाया त्याले ओवाळत, निंबाचा डहाळा बांधत, पाटलाच्या ओसरीवर पाट मांडून त्याच्यावर ठेवत. थर्मासाले पाट, अन् तो थर्मास नागपूरहून छातीशी धरून आणणारी मी अंगणात उन्हात उभी, कारण मी आमच्या वस्तीतली. पोट्ट्याचा हात ओसरीच्या काठावरून बाहेर काढत अन् मी खालून टोचाची. मी देव सोडलेली बाई, मले रागही ये अन् हसूही ये, पण म्हटलं बांधा बाप्पा तुमचे डहाळे, पोट्टे तेवढे टोचून घ्या.

आता नागपूरच्या रात्रीचं. पयल्या खेपीले मी वेटिंगरूममध्ये दार लावून बसली, भ्यालेलीच. दुसऱ्या खेपीले दार उघडलं. मंग काय, बाप्पा! सीताबर्डीचा रस्ता, दुकानाच्या पाट्यायवर लालहिरवे दिवे, ते लागत अन् इझत, लागत अन् इझत, मी तोंड वर करून उभी राहाची तर सायकलवाले घंट्या मारत. गरम आलूबोंडा घ्याचा, वरून रस्सा, डोळ्यातून पाणी येईस्तोवर तिखट. गोटीवाला सोडा प्याचा, मीठ टाकून. एका गल्लीत कव्वाली चाले, बाया भिंतीच्या कडेले सतरंजीवर बसत, मीही बसाची, मले कोणी हुसकलं नाई, एका मुसलमान म्हातारीनं तर मले पान देल्लं. अन् मंग पिक्चर, रात्रीचा खेळ, बायांची बाजू येगळी, मी माह्या पगारातनं तिकीट काढाची अन् राणीसारखी बसाची. थर्मास मांडीवर. तो मी कुठी ठेवन? वेटिंगरूममधून चोरी जाये, अन् सरकारी माल. पण रिकामा, ताई! लस सकाळी भेटाची, रात्री त्याच्यात काहीच नसे, हे मी शंभरदा सांगतलं असन लोकायले.

मजा आली का म्हणता? आली ना. खूप मजा आली. काहून येऊ नये? एकदा पिक्चर सुटल्यावर पोलिसानं अडवलं, कहाँ जा रही बाई अकेली, तर मी थर्मास वर केला, म्हटलं सरकारी काम हाय. तो बाजूले झाला. मी हसत हसत टेसनावर आली, पण तवाच मनात कुठी तरी टोचलं, की काम नसतं तर काय सांगतलं असतं.

अन् मंग एका खेपीले मले नारायणरावनं पाह्यलं. नारायणराव म्हणजे पाटलाचा धाकटा भाऊ, कापूस इकाले नागपूरले गेल्ता. कुठी पाह्यलं? पिक्चरमध्येच! तो खाली बाप्यायच्या बाजूले, तोंडात पान, मांड्या पसरून. हा माणूस गावात येऊन सांगते की टोचणीवाली रात्री मातेले घेऊन पिक्चरमध्ये बसते, मातेच्या मांडीले मांडी लावून तिखट खाते, अन् तुमी त्या हातानं पोट्टे टोचता. झालं. दुसऱ्या दिवशी मी लस घेऊन अंगणात उभी, अन् एक पोट्टं आलं नाई. बर्फाचं पाणी होऊन राह्यलं, अन् दारं सारी बंद. झरीकडच्या गावात माता निघाली होती, अन् हे दारं लावून बसलेले. मले रडू नाई आलं, मले संताप आला, अजून येते.

पाटलानं डॉक्टरले बोलावलं. डॉक्टर तरणा माणूस, भला, पण पाटलापुढं गोगलगाय झालेला. आदल्या रात्री मायनं माहे पाय धरले, पोरीचे पाय धरले मायनं, म्हणे सांग ना का मावशीकडे निजली होती, तो दुसरा कोणी असन, सांग, तुही नोकरी जाईन, आपुन काय खाऊ. मी म्हटलं माय, नागपुरात मले मावशी नाई. म्हणे असू दे नाई तर नाई, सांगाले काय लागते. अन् सकाळी पाटलाच्या अंगणात साऱ्या गावापुढं डॉक्टरनं इचारलं, बाई, तुमी गेल्त्या का. मी म्हटलं, हो, गेल्ती. या खेपीलेच नाई, प्रत्येक खेपीले जातो, सीताबर्डी फिरतो, पिक्चर पाहतो. काम झाल्यावर, माह्या पैशानं, अन् थर्मास रिकामा असते. अन् मंग मी नारायणरावकडे पाह्यलं, म्हटलं तुमी तथी कायले गेल्ते, मातेले नैवद्य दाखवाले? तो म्हणे, मी बाप्या माणूस हावो. बस. एवढंच बोलला, अन् साऱ्यायनं माना हालवल्या, जसं काही उत्तर भेटलं.

नोकरी नाई गेली. नागपूर गेलं. डॉक्टर म्हणे, वेणूबाई, तुमी गावोगाव टोचा, लस कंपाउंडर आणन. कंपाउंडर! जो टेसनावर उतरला की सरळ दारूच्या गुत्त्यात. त्याची खेप आली की बर्फ कुठी अन् लस कुठी, गरम झालेली लस, टोचली तरी पोट्ट्याच्या हातावर फोड उठेना. म्हणजे टोचून न टोचल्यासारखं. मी डॉक्टरले सांगतलं, तो म्हणे, पाहू. अन् पाहता पाहता शेजारच्या गावात एक पोरगी गेली. तवा मले वाटलं, जाऊन त्या ओसरीवर चढाव अन् तो पाट उचलून फेकाव.

तितक्यात पाटलीणबाईले सपन पडलं. पाटलीणबाई म्हणजे पाटलाची बायको, गोरी, जाड, कमी बोलणारी, मले कधी सरळ पाह्यलं नाई तिनं. तिनं सकाळी उठून केस मोकळे सोडले, चप्पल काढली, अन् पाटलाले सांगतलं की रात्री माता आली होती, लाल डोये, म्हणे दारुड्याच्या हातानं मले आणता, मी कोपली, आता पाटलीण सोवळ्यानं उपाशी येईन तरच मी येईन, अन् संगं वेणूले आणजो, तिले वाट माहीत हाय. आता मातेपुढं पाटील काय बोलन? डॉक्टरनं तर सुटकेचा श्वास टाकला. मले तिचा असा राग आला, म्हटलं हे काय सोंग, म्हणजे मी खरी होती तवा तोंडाले कुलूप, अन् आता देव नाचवते.

गाडीत पाटलीणबाई माह्या समोर बसली, अनवाणी, निंबाचा डहाळा बांधलेला रिकामा थर्मास पदरात, डोये मिटलेले, ओठ हालून राह्यले. मी खिडकीबाहेर पाहत बसली. माजरीले गाडी बदलली, गावचं माणूस कोणी संगं नाई हे तिनं डब्यात इकडे तिकडे नीट पाहून घेतलं, अन् मंग हळूच मले म्हणे, काय वं वेणू, रात्रीचा खेळ किती वाजता राह्यते?

मी तिच्या तोंडाकडे पाहतच राह्यली. म्हटलं, अन् माता? म्हणे, माता येते कशाले माह्या सपनात, माह्या सपनात सीताबर्डी येते, तू त्या दिवशी अंगणात सांगतलं तवापासून, मी दाराआडून सारं ऐकलं.

तर ताई, त्या रात्री आमी दोघी एकाच दोन्यात आलूबोंडा खाल्ला, पाटलीण अन् मी. तिखट लागलं तर ती हुश्श हुश्श करे अन् अजून एक मागे. पिक्चरमध्ये ती थर्मास मांडीवर घेऊन बसली अन् गाणं लागलं की त्याच्यावर बोटं वाजवे. सुटल्यावर तोच पोलीस, तोच सवाल. पाटलीणबाई म्हणे, माता आहे, बाबा. त्यानं हात जोडले. माह्यावेळी नुसता बाजूले झाल्ता.

अन् दुसऱ्या दिवशी गावात तिचे पाय धुतले. माह्या डोळ्यापुढं. दुधानं. अन् मी अंगणात, उन्हात, टोचणी घेऊन. पोट्ट्यायची रांग लागली, थंडगार लस, एकूण एक हात फुगला, त्याचा मले आनंदच झाला, पण आतून जळून राह्यली होती. तेच शहर, तोच खेळ, तोच थर्मास, मी खरं बोलली तर मी बदफैली, अन् तिनं खोटं सांगतलं तर तिच्या पायाले दूध. मी तिले म्हटलंही, एकदा तरी खरं सांगा, तुमी सांगतलं तर पाटीलही गप बसन. तर म्हणे, तुह्या खऱ्यानं तुले काय देल्लं वं, ऊनच ना?

मंग दर खेपीले मातेले पाटलीणबाईच पाह्यजे असे. आमी दोघी जात होतो. पाटलीण उपास करे गावात, अन् सोडे सीताबर्डीत.

असं चाललं, अन् एक दिवस दवाखान्यात नवी लस आली, कोरडी, भुकटीसारखी. तिले बर्फ लागत नव्हता, टपालानं येत होती. लोकायसाठी चांगलंच झालं, त्या लशीनंच तो रोग पुढं संपला, मी नाई म्हणत नाई. पण मी ते पाटलीणबाईले सांगाले गेली तर ती ओसरीवर बसली होती, तिनं ऐकलं, अन् मंग म्हणे, वेणू, आता मी कोणाचं नाव सांगू वं? मी म्हटलं, तुमचंच सांगा ना. मले जाची हौस हाय म्हणा. ती हसली. जसं मी काही लहान पोट्टी हावो अन् येडंवाकडं बोलली. त्यानंतर ती नागपूरले गेली नाई, कधीच नाई, मरेपर्यंत. तो रिकामा थर्मास तिनं मांगून घेतला होता दवाखान्यातून, पाटलाच्या देवघरात ठेवला, लोक अजून त्याले कुंकू लावतात म्हणे.

मी मात्र जात राह्यली. सुट्टी काढून, काम नसताना. कोणी इचारलं तर सांगत होती, मजा पाहाले चालली. लोक थुंकले, थुंको. माय मेली त्या वर्षीही गेल्ती.

उठता का? तुमचीही आता गाडी असन, रात्रीच पोचान तुमी. थांबा म्हणत नाई, जा. पोचल्यावर दिवे दिसले तर टेसनातून सरळ घरी जाऊ नका, थोडं फिरून पाहून घ्या, तिखट खाऊन घ्या. अन् कोणी अडवून इचारलं की बाई एवढ्या रात्री काय काम हाय, तर काम सांगू नका.